एकच केरवा, सहा सॉफ्टवेअर

नवशिक्यानं संगीत बनवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, याची परीक्षा घ्यायला आम्ही एकच तुकडा ठरवला. केरवा तालाची आठ आवर्तनं, टेम्पो १००. पहिल्या चारांत नुसता ठेका, पुढच्या चारांत खाली बेस आणि वर भूप रागातली छोटीशी धून. सगळं मिळून वीस सेकंदांच्या आतलं काम. हा तुकडा सहाही सॉफ्टवेअरांत बांधायचा, सेव्ह करायचा, बंद करायचा. दुसऱ्या दिवशी उघडून टेम्पो ११२ करायचा, धून अर्धा सूर वर सरकवायची आणि पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या लॅपटॉपवर वाजवून बघायची.

हे सगळं चाललं होतं उत्तर नागपुरातल्या एका अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत, संध्याकाळी जमणाऱ्या मुलामुलींसाठी. कुणाला १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी बीट बनवायची होती, कुणाला गणपतीच्या मंडळासाठी, कुणाला नुसतंच घरी बसून टेक्नो शिकायचं होतं. लॅपटॉप मुद्दाम दोन टोकांचे घेतले. एक सीताबर्डीतून आणलेला सेकंडहँड: तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्डडिस्क. दुसरा बरा होता, ८ जीबी रॅम आणि एसएसडी. नवशिक्याच्या हातात खरोखर पहिला असतो, दुसरा नाही, म्हणून निकाल पहिल्यावरच लावायचा हे आधीच ठरलं होतं.

सॉफ्टवेअरं अशी: एलएमएमएस, एफएल स्टुडिओ, एबल्टन लाइव्ह, रीपर, वेवफॉर्म फ्री आणि बँडलॅब. गॅरेजबँड बाजूला ठेवलं, कारण ते फक्त मॅक, आयफोन आणि आयपॅडवर चालतं आणि खोलीत त्यातलं काहीच नव्हतं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी तेच उघडावं. ते फुकट आहे आणि चांगलं आहे.

ठेका जाळीत कसा बसतो

या सगळ्या सॉफ्टवेअरांच्या मुळाशी सीक्वेन्सर असतो. सीक्वेन्सर म्हणजे वही. कोणता आवाज, केव्हा, किती जोरात आणि किती वेळ, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. आवाज स्वतः वहीत नसतो. तो सॉफ्टवेअरमधलं वाद्य किंवा सॅम्पलची, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजाची, फाइल देते. पुढे पेनड्राइव्हवर गाणं नेल्यावर ठेका गप्प का होतो, याचं उत्तर इथेच आहे.

नवशिक्याला बहुतेक वेळा या वहीतलं पहिलं पान दिसतं ते १६ घरांच्या पट्टीचं. ही १६ घरं आली ड्रम मशीनवरून. १९८० च्या रोलँड टीआर-८०८ वर खाली १६ बटणांची रांग होती, तीच आज पडद्यावर आली आहे. हे यंत्र आपल्याकडच्या सुरांना परकं नाही. १९८२ मध्ये मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी ८०८ आणि रोलँडचेच टीबी-३०३ व ज्युपिटर-८ हे सिंथेसायझर घेऊन राग वाजवले आणि त्याची रेकॉर्ड काढली. आज जगभर लोक ती शोधून ऐकतात.

केरवा ८ मात्रांचा, पट्टी १६ घरांची. म्हणजे एका मात्रेला दोन घरं. धा पहिल्या घरात, गे तिसऱ्यात, ना पाचव्यात, ती सातव्यात, न नवव्यात, क अकराव्यात, धि तेराव्यात, न पंधराव्यात. आता डग्ग्याचा घुमारा कुठे आहे ते बघा: धा, गे आणि धि. तिथे किक (ड्रमचा खालचा जड ठोका) ठेवा, म्हणजे १, ३ आणि १३. काठावरचा आवाज रिमशॉटला द्या: १, ५, ७, ९, १३, १५. क साठी ११ वर बंद हायहॅट (झांजेचा छोटा ‘चिक’). पाचव्या घरापासून बाराव्यापर्यंत किक नाही, कारण तिथे डग्ग्याचा घुमारा नसतो. बरेच जण सवयीनं ९ वर किक टाकतात आणि मग ‘केरवा वाटतच नाही’ म्हणतात. नवव्या घरात ‘खाली’ आहे, म्हणजे तालाची हलकी जागा. ती भरली की केरव्याचा झोकच जातो.

जोराचा मुद्दा याहून महत्त्वाचा. सगळी घरं एकाच जोरावर ठेवली तर शिवणयंत्र चालल्यासारखं ऐकू येतं. पहिला धा पूर्ण ठेवा, धि थोडा कमी, बाकीचे ६० ते ७० टक्क्यांवर, आणि खालीचा न त्याहूनही हलका. एलएमएमएसमध्ये घरावर माउस नेऊन चाक फिरवलं की त्या घराचा जोर बदलतो. मिडीच्या भाषेत हा आकडा ० ते १२७ असा असतो. १९८३ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि पुढे सॉफ्टवेअरंही हीच भाषा बोलतात, त्यामुळे एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे वाया जात नाही.

टेम्पोची एक गफलत पहिल्याच दिवशी होते. सॉफ्टवेअर चार घरांचा एक बीट मोजतं. आपण दोन घरांची मात्रा धरली. म्हणजे सॉफ्टवेअरचा टेम्पो १०० असला तर मिनिटाला २०० मात्रा पडतात. एक घर १५० मिलिसेकंदांचं, पूर्ण आवर्तन २.४ सेकंदांचं. तबला शिकलेल्या मुलीनं मात्रेचा वेग १०० धरून टेम्पोही १०० ठेवला आणि ठेका दुप्पट पळाला. चूक तिची नव्हती, मापं वेगळी होती. तिला टेम्पो ५० हवा होता.

एकेक करून

एलएमएमएस फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. चार जीबीच्या लॅपटॉपवरही विनातक्रार उघडलं. एफ-६ दाबलं की ठेक्याची खिडकी येते. डावीकडच्या पट्टीतून सॅम्पल्समध्ये ड्रम्सचं फोल्डर उघडायचं, हवा तो आवाज ओढून खिडकीत सोडायचा, घरं भरायची, स्पेसबार दाबायचा. बस, ठेका सुरू. एफ-५ वर गाण्याची खिडकी, एफ-७ वर पियानो रोल (सूर भरायची जाळी), एफ-९ वर मिक्सर. या चार कळा लक्षात राहिल्या की पहिला आठवडा निघतो.

अडतं कुठे तेही सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येक जण तिथे अडतो. ठेक्याच्या खिडकीत सगळं छान वाजतं. मग गाण्याच्या खिडकीत प्ले दाबलं की शुकशुकाट. कारण ठेका बांधला, पण गाण्यात मांडलाच नाही. एफ-५ मध्ये त्या ठेक्याच्या ओळीवर ज्या मापांत (एक माप म्हणजे ही १६ घरं) तो हवा तिथे क्लिक करून ठोकळे ठेवावे लागतात. आठ आवर्तनं म्हणजे आठ ठोकळे. एफएल स्टुडिओत हाच घोळ वेगळ्या नावानं होतो: वर पॅट आणि साँग असं बटण असतं, पॅटवर असताना फक्त हातातला पॅटर्न वाजतो.

एफएल स्टुडिओ हाताला सगळ्यात गोड लागलं, हे मान्य करायलाच हवं. चॅनल रॅकमधली घरं मोठी आणि स्पष्ट आहेत, पियानो रोल तर या सहांत सर्वोत्तम. सुरावरून सुरावर घसरत जायचं असेल तर स्लाइड नोट आहे. मींडेची थोडी चव त्यात येते, फक्त ती एफएलच्या स्वतःच्या वाद्यांवरच चालते, बाहेरून जोडलेल्या वाद्यांवर, म्हणजे प्लगइनवर, नाही. एकदा विकत घेतलं की पुढची सगळी अपडेट्स फुकट मिळतात. पण आमच्या परीक्षेत ट्रायल दुसऱ्या दिवशी अडलं. ट्रायलमध्ये काम सेव्ह होतं, आवाजाची वेव्ह फाइलही काढता येते. सेव्ह केलेलं काम पुन्हा उघडून पुढे करायचं असेल तर मात्र विकत घ्यावं लागतं. कंपनी हे उघड सांगते, लपवत नाही. तरी नवशिक्याला ते कळतं पहिलं गाणं अर्धं झाल्यावर. म्हणून ट्रायल वापरायचंच असेल तर एका बैठकीत संपेल एवढाच तुकडा घ्या आणि शेवटी प्रत्येक आवाजाची वेगळी वेव्ह काढून ठेवा. विकत घेताना आवृत्त्यांचा तक्ता नीट वाचा. स्वस्त आणि महाग आवृत्तीत काय काय कमी-जास्त आहे ते दर मोठ्या अपडेटला बदलू शकतं, आणि आपल्याला गायचं असेल तर आवाज रेकॉर्ड करायची सोय आपल्या आवृत्तीत आहे का, हा पहिला प्रश्न.

एबल्टन लाइव्हचं ट्रायल ३० दिवसांचं, सेव्ह आणि एक्स्पोर्टसकट. त्याची खासियत सेशन व्ह्यू. प्रत्येक ठेका, प्रत्येक धून एकेका चौकोनात, आणि चौकोन वाजता वाजता बदलता येतात. स्टेजवर वाजवायचं असेल त्याच्यासाठी याला तोड नाही. पण दोन पडदे असल्यामुळे गोंधळ होतो: सेशनमधला चौकोन चालू राहिला की अरेंजमेंट नावाच्या दुसऱ्या पडद्यावर मांडलेलं त्या ट्रॅकवर वाजतच नाही, आणि वर एक नारिंगी बटण पेटलेलं असतं. ते दाबलं की गाडी रुळावर येते. आमच्या जुन्या लॅपटॉपवर मात्र प्रश्न त्याच्या आधीचाच होता. लाइव्ह १२ ला विंडोजवर ८ जीबी रॅम लागते आणि एव्हीएक्स-२ ही सोय असलेला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आधीच्या आय-थ्री, आय-फाइव्हमध्ये ती नाही. जुन्या सेलेरॉन-पेंटियममध्येही नाही. सेकंडहँड लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा दुकानातच प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घ्या. तीनशे-चारशे रुपयांची घासाघीस करण्यापेक्षा हा नंबर बघणं जास्त कामाचं.

लाइव्हची लाइट नावाची छोटी आवृत्ती अनेक मिडी कीबोर्डांसोबत फुकट मिळते, आठ ट्रॅकची. आठ ट्रॅक कमी वाटतात, पण आमच्या परीक्षेच्या तुकड्याला पाच पुरले. आणि काहीही इन्स्टॉल न करता लय-सूर-बेस समजून घ्यायचं असेल तर याच कंपनीची ब्राउझरमधली शिकवणी आहे, लर्निंग म्युझिक नावाची. इंग्रजीत आहे, पण बोटानं घरं दाबत शिकायचं असल्यानं भाषा फार आड येत नाही. फोनवरही चालते. आम्ही सगळ्यांना पहिल्या संध्याकाळी तीच दिली.

रीपर ६० दिवस पूर्ण चालतं, त्यानंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा. इन्स्टॉलरची फाइल इतकी लहान की फोनच्या हॉटस्पॉटवर लगेच उतरते. जुन्या लॅपटॉपवर सगळ्यात हलकं हेच चाललं. पण उघडल्यावर समोर काहीच नसतं. ना ड्रम, ना तयार वाद्यं, ना १६ घरांची पट्टी. प्रत्येक ड्रमला वेगळा सॅम्पलर लावायचा, मिडी एडिटर उघडायचा, मग कुठे पहिली किक. गाणं रेकॉर्ड करणाऱ्याला हे सॉफ्टवेअर आयुष्यभर पुरेल. बीट शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात ते कोरडं वाटतं.

वेवफॉर्म फ्रीला ट्रॅकची मर्यादा नाही आणि ते खरंच फुकट आहे. सगळं एकाच पडद्यावर, आवाज डावीकडून उजवीकडे जातो. मांडणी बाकीच्यांपेक्षा वेगळी, म्हणून अडलं तर शेजारच्याला विचारून उपयोग होत नाही; त्याला एफएल येत असतं.

बँडलॅब ब्राउझरमध्ये आणि फोनवर. ज्याच्याकडे लॅपटॉपच नाही त्याच्यासाठी हाच दरवाजा. काम त्यांच्या सर्व्हरवर राहतं, म्हणजे पेनड्राइव्हचा प्रश्न मिटतो, आणि नेट गेलं की ब्राउझरमधलं काम अडतं.

क्रॅकबद्दल स्पष्ट बोलायला हवं. एका दुकानातून लॅपटॉप आला तोच ‘सगळं टाकून देतो भाऊ’ म्हणत चोरीचं सॉफ्टवेअर भरून. ते चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागत होता, आणि बंद केल्यावर आत काय शिरलं ते शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी विंडोज नव्यानं टाकलं. आधीची गाणी त्यात गेली. फुकटचं आणि चांगलं एलएमएमएस समोर असताना ही जोखीम कशाला घ्यायची?

निवड आणि तिची किंमत

जुन्या लॅपटॉपवर उघडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं, टेम्पो बदलला, दुसऱ्या मशीनवर वाजलं आणि खिशातून काही गेलं नाही. या चाळणीतून रीपर (साठ दिवसांपुरतं), वेवफॉर्म आणि एलएमएमएस पार झाले. त्यातलं पहिल्या संध्याकाळीच ठेका देणारं एलएमएमएस, म्हणून सुरुवात त्यावर. फोनवाल्यांना बँडलॅब. ज्यांना तीन-चार महिन्यांनी ठेक्याचंच वेड लागलं त्यांनी पैसे जमवून एफएल घ्यावं, ज्यांना गायचं-बोलायचं आहे त्यांनी रीपरकडे वळावं, असं ठरलं.

एलएमएमएसची मोठी उणीव माहीत असूनच ते घेतलं. त्याच्या १.२ या स्थिर आवृत्तीत माइकवरून आवाज रेकॉर्ड करता येत नाही. त्यामुळे गाणं असो की डफडं, रेकॉर्डिंग ऑडासिटी या फुकट सॉफ्टवेअरात करायचं, तिथेच कापायचं, वेव्ह म्हणून सेव्ह करायचं आणि एलएमएमएसमध्ये सॅम्पल ट्रॅकवर ठेवायचं. ट्रॅकवर ठोकळा ठेवून डबल क्लिक केलं की फाइल निवडता येते. कापाकापी इकडे करायला जाऊ नका, ऑडासिटीतच पूर्ण करून आणा. गायकानं कानात ठेका ऐकत गायचं असेल तर आधी एलएमएमएसमधून ठेका वेव्ह काढायचा, सुरुवातीला मोजणीच्या ठोक्यांचं एक माप ठेवून. गाऊन झाल्यावर त्या मोजणीच्या पहिल्या ठोक्यावरून दोन्ही जुळवायचं.

दुसरी उणीव प्लगइनची: व्हीएसटी-३ प्रकारचे प्लगइन यात चालत नाहीत, व्हीएसटी-२ शोधावे लागतात. सुरुवातीला शोधूच नका. ट्रिपल ऑसिलेटर, किकर आणि ३०३ च्या धर्तीवरचं एलबी-३०२ एवढ्यावर दोन-तीन महिने आरामात जातात.

भूपाची धून आणि हार्मोनियमची पट्टी

पियानो रोलमध्ये डावीकडे उभा कीबोर्ड असतो. पांढरी एक म्हणजे सी. तिथून सा धरला तर भूप म्हणजे सी, डी, ई, जी, ए. इंग्रजी यादीत याला मेजर पेंटाटॉनिक म्हणतात. एलएमएमएसच्या पियानो रोलमध्ये वर स्केलची यादी आहे. तिथून हे निवडायचं, सा च्या पट्टीवर राइट क्लिक करून स्केल खुणेनं भरायचं, की चुकीच्या घरांत सूर पडणं जवळजवळ थांबतं. राग त्यानं येत नाही, हेही सांगायला हवं. ग वरून रे ला कसं यायचं, धैवतावर किती थांबायचं हे यादीला माहीत नसतं. कान तुमचाच.

गायक म्हणाला ‘काळी एक’, तर सी-शार्प. काळी दोन डी-शार्प, काळी तीन एफ-शार्प, काळी चार जी-शार्प, काळी पाच ए-शार्प. पांढऱ्या एकात बांधलेलं काळी एकला न्यायचं म्हणजे सगळे सूर निवडून एक घर वर. बेसही सरकवायला विसरू नका. आमच्याकडे धून सरकली, बेस राहिला, आणि पाच मिनिटं सगळे ‘काहीतरी बेसूर आहे’ म्हणत धुनीतच शोधत बसले. सप्तकांच्या आकड्यांवर विसंबू नका. मिडीचा तोच ६० नंबरचा सूर लाइव्हमध्ये सी-३ दिसतो आणि एफएलमध्ये सी-५.

दादरा बांधायचा असेल तर आधी वर तालाचं माप ६/८ करा. मग पट्टीत १६ च्या जागी १२ घरं येतात, मात्रेला दोन. धा धी ना, धा तू ना: १, ३, ५, ७, ९, ११. रूपकाला ७/८, म्हणजे १४ घरं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी माप, मग ठेका. १६ घरांचा ठेका भरून मग माप बदललं तर ठेक्याची लांबी आणि मापाची लांबी जुळत नाही, आणि दर आवर्तनाला मध्येच खड्डा पडतो.

कडकड, कूलर आणि मे महिना

आवाजात कडकड येते त्याची कारणं दोन, आणि त्यांचे उपाय अगदी वेगळे आहेत.

एक, प्रोसेसर पुरत नाही. तेव्हा कडकड अनियमित असते, वाद्य वाढलं की वाढते. सॉफ्टवेअर आवाज छोट्या तुकड्यांत कार्डाकडे देतं. तुकडा २५६ सॅम्पलचा (इथे सॅम्पल म्हणजे आवाजाची एकेक नोंद, सेकंदाला ४४,१००) असला तर तो ५.८ मिलिसेकंदांत तयार व्हावा लागतो. ५१२ केला तर ११.६, १०२४ केला तर २३. तुकडा मोठा केला की कडकड थांबते, पण कळ दाबल्यापासून आवाज यायला उशीर होतो. माउसनं घरं भरताना उशिराचं काही वाटत नाही, तेव्हा १०२४ ठेवा. कीबोर्डवर वाजवायचं असेल तेव्हाच २५६ वर या. एलएमएमएसमध्ये हा आकडा सेटिंगमध्ये आहे आणि बदलल्यावर सॉफ्टवेअर बंद करून उघडावं लागतं. न उघडता ‘फरकच पडला नाही’ म्हणणारे खूप.

नागपुरात याला उन्हाळ्याची जोड आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की लॅपटॉप तापतो, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि जानेवारीत नीट चालणारं गाणं दुपारी तीन वाजता कडकडायला लागतं. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मागून दोन इंच उचला, चार्जर लावून ठेवा, जड काम सकाळी करा. झिनॲडसबएफएक्स हे वाद्य सगळ्यात जड. त्याची धून पक्की झाली की एक्स्पोर्ट ट्रॅक्सनं तिची वेव्ह काढा, सॅम्पल ट्रॅकवर ठेवा आणि मूळ वाद्य म्यूट करा.

दोन, आवाज फाटतो. हा ठरावीक ठिकाणी फाटतो, बहुधा किक आणि बेस एकत्र पडतात तिथे, आणि मास्टरचं, म्हणजे एकूण आवाजाचं, मीटर लाल होतं. इथे तुकड्याचा आकडा बदलून काही होत नाही. सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) खाली आणा, मास्टरचा सर्वांत मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लॅपटॉपच्या स्पीकरवर खालचा बेस ऐकूच येत नाही, म्हणून मुलं बेस वाढवत जातात, आणि तेच गाणं मंडळाच्या मोठ्या बॉक्सवर लागलं की घों-घों शिवाय काही उरत नाही. वायरचे साधे इअरफोन पुरे आहेत. ब्लूटूथवर मात्र कीबोर्ड वाजवू नका. त्यात आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो, म्हणजे या टेम्पोला एक घर.

रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंद. पंखाही. कूलरची घरघर ऑडासिटीत नंतर काढता येते, पण तिच्यासोबत आवाजातला श्वास आणि ‘स’ही थोडे जातात. आम्ही दार लावून, दोन कडव्यांपुरता कूलर बंद करून, पुन्हा चालू, असं केलं. घाम आला, पण ट्रॅक स्वच्छ आला.

मारबतीच्या मिरवणुकीत फोनवर घेतलेलं डफडं आणि ताशे आमच्याकडे होते. त्यातले बहुतेक वाया गेले, कारण वाजवणाऱ्याच्या हाताशी फोन धरला होता आणि फोनच्या माइकला तो जोर न झेपून आवाजाचं टोक छाटलं गेलं होतं. छाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. पंधरा-वीस फूट मागे उभं राहून घेतलेला एक तुकडा चांगला निघाला. त्यातला एकच स्वच्छ ठोका कापला, सुरुवातीची शांतता शून्यापर्यंत छाटली. ही शांतता राहिली तर ठोका घरात असूनही उशिरा वाजतो आणि दोष टेम्पोला जातो. मग हा ठोका केरव्याच्या पाचव्या आणि पंधराव्या घरात रिमशॉटच्या जागी ठेवला. त्या क्षणी खोलीतल्या सगळ्यांची मान वर आली.

पेनड्राइव्ह आणि शेवटची फाइल

वही आणि आवाज वेगळे असतात हे वर म्हटलं, त्याचा हिशेब इथे होतो. डफड्याची फाइल डाउनलोड्समध्ये होती, गाणं पेनड्राइव्हवर गेलं, डफडं घरीच राहिलं. दुसऱ्या लॅपटॉपवर ती ओळ मुकी. लाइव्हमध्ये यासाठी ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ आहे, एफएलमध्ये झिप करून एक्स्पोर्ट, रीपरमध्ये सेव्ह करताना सगळी मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करायची खूण. एलएमएमएसच्या १.२ मध्ये हाताने करावं लागतं: एलएमएमएसच्या स्वतःच्या फोल्डरातल्या सॅम्पल्समध्ये आधी फाइल ठेवायची, तिथूनच ओढायची, आणि नेताना तेही फोल्डर सोबत न्यायचं. सुरुवातीपासून केलं तर दोन मिनिटांचं काम आहे, नंतर केलं तर सगळे आवाज एकेक करून पुन्हा जोडावे लागतात.

लाइन कधीही जाते, म्हणून प्रत्येक टप्प्याला नवा नंबर देऊन सेव्ह: केरवा-०१, केरवा-०२. जुन्यावर नवीन लिहायचं नाही. एकच फाइल असेल आणि लिहिता लिहिताच डेस्कटॉप बंद पडला, तर ती फाइल गेली.

शेवटी एक्स्पोर्ट. आधी वेव्ह काढा, ४४,१०० आणि १६ बिट. स्टिरिओत मिनिटाला साधारण १० एमबी होते. फोनवर पाठवायला एमपी-३ वेगळी. गाण्याच्या शेवटी एक रिकामं माप सोडा, नाहीतर शेवटच्या ठोक्याची रिव्हर्ब, म्हणजे मागे रेंगाळणारा घुमारा, मध्येच कापली जाते. लूप म्हणून काढायचं असेल तर उलट: ‘एक्स्पोर्ट ॲज लूप’वर खूण करा, म्हणजे शेवटची शांतता निघून जाते आणि आठवं आवर्तन संपताच पहिल्याचा धा बरोबर जागेवर पडतो. आमच्या पहिल्या फाइलमध्ये ही खूण करायची राहिली होती. बॉक्सवर लावल्यावर दर वीस सेकंदांनी छोटीशी दचक यायची. परत गेलो, खूण केली, केरवा-०७ काढली, आणि ती रात्री साडेनऊपर्यंत न अडखळता फिरत राहिली.